बिजलीचे ठोके आणि माझा फेटा

लांब पल्ल्याच्या घोडदौडीत घोड्याला ऊन, धूळ आणि दगड यांच्यापेक्षाही जास्त धोका स्वयंसेवकापासून असतो. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही. मी स्वतः सिद्ध केलेलं आहे.

झालं असं की, पुण्याच्या काही घोडेवेड्या मंडळींनी आमच्या भागात घोडदौड ठरवली. सुरुवात देऊळगाव राजाच्या बाहेरच्या माळावरून, शेवट डोणगावला. मधे साठ-सत्तर किलोमीटर नुसता मुरूम, वावरं आणि बाभळी. यात पहिला कोण आला याला फार किंमत नसते म्हणे. घोडा ठरलेल्या वेळेत आणि धडधाकट पोचला पाहिजे, एवढंच. मला हे ऐकून फार बरं वाटलं. आयुष्यात मी कशातच पहिला आलेलो नाही, पण पोचतो मात्र सगळीकडे, विशेषतः पंगतीला.

या दौडीच्या घोड्यांच्या डॉक्टर मॅडम एक दिवस आमच्या शाळेत आल्या. (मी तिथे मराठी शिकवतो आणि गावातल्या प्रत्येक कार्यक्रमाचं सूत्रसंचालन करतो. गावकरी म्हणतात, माईक सोडवून घ्यायला दोन माणसं लागतात. अतिशयोक्ती आहे. एक पुरतं.) मॅडम म्हणाल्या, "सर, आम्हाला स्वयंसेवक हवेत. स्वयंसेवक नसतील तर ही दौड होऊच शकत नाही. सगळं त्यांच्यावर असतं."

एवढं वाक्य ऐकलं आणि माझी छाती अशी फुगली की शर्टाचं दुसरं बटण कायमचं गेलं.

"मॅडम, तुम्ही निश्चिंत राहा," मी म्हणालो. "मी आणि माझं अख्खं घर!"

अख्ख्या घराला विचारायचं राहिलं होतं, ते मी संध्याकाळी उरकलं. बायको, म्हणजे मंदा, गव्हातले खडे निवडत होती.

"घोड्याचं आपल्याले काय समजते?" ती म्हणाली.

"समजायचं काय त्यात? पाणी पाजायचं, वेळ लिहायची."

"मंग ते मी करतो. तुमी काय करसान?"

"मी देखरेख करीन."

"हाव, ते तुमाले जमते. चोवीस वर्ष झाले, गॅसवरच्या दुधावर बी तुमीच देखरेख करता, अन् ते रोज उतू जाते."

सासरे त्या आठवड्यात आमच्याकडेच मुक्कामाला होते. सत्तरी ओलांडलेले, पांढरं धोतर, बोलणं मोजकं आणि तेही बहुधा माझ्याविरुद्ध. त्यांना बंधाऱ्याच्या वळणावर झेंडा घेऊन उभं करायचं ठरलं.

आमच्याकडे दौडीचा तिसरा आणि शेवटचा थांबा होता. जागा माझ्याच वावरात. कपाशी त्या वर्षीही गुलाबी बोंडअळीनं खाल्ली होती, म्हणून पऱ्हाट्या वेळेआधीच उपटून बांधावर रचलेल्या होत्या आणि वावर मोकळं होतं. मॅडमनी आम्हाला शाळेच्या हॉलमध्ये बसवून काम समजावलं. घोडा आला की त्याचा नंबर आणि मिनिटापर्यंत वेळ लिहायची. पाणी दाखवायचं, मानेवर पाणी ओतायचं. त्यानंतर वीस मिनिटांच्या आत घोड्याच्या छातीचे ठोके मिनिटाला चौसष्टच्या खाली आले पाहिजेत. नाही आले, तर घोडा तिथेच बाद. म्हणून थांब्यावर सर्वात महत्त्वाचं काय? तर शांतता.

मी हात वर केला. "मॅडम, पाहुण्यांच्या स्वागताचं कसं?"

"स्वागत नको," मॅडम म्हणाल्या.

आता इथे पुण्यात आणि आमच्यात जो फरक आहे तो आडवा आला. आमच्याकडे पाहुणा पहिल्यांदा 'नको' म्हणतो तो रीत म्हणून. दुसऱ्यांदा म्हणतो तो लाजून. तिसऱ्यांदा म्हणाला तर आपण विचार करू लागतो, की याला खरंच नको असेल काय. आणि तरी वाढतोच. मॅडम एकदाच 'नको' म्हणाल्या होत्या. एकदाच! माझ्या मते त्यांना स्वागत हवंच होतं, फक्त बिचाऱ्या संकोची होत्या.

शिवाय माझ्या डोक्यात रशीदभाई होते.

रशीदभाई म्हणजे वरातीच्या घोडीचे मालक. पन्नाशीचे, काडीसारखे, आणि त्यांची पांढरी घोडी बिजली. बीटी कपाशी आली त्या पहिल्या काही वर्षांत गावात असं पीक झालं, की ज्याच्या घरात नवरदेव त्याच्या दारात बिजली. रशीदभाई तिला घेऊन दहा कोस चालत जायचे, बिजली दोन तास नाचायची आणि दोघं दहा कोस चालत परत यायचे. पुढे अळी बीटीलाही घाबरेनाशी झाली. मग लग्नं सामुदायिक झाली, वराती आखडल्या, नवरदेव मोटरसायकलवर यायला लागले. बिजली दारात उभी राहून माश्या हाकलू लागली. रशीदभाई तिच्याआधी जेवत नसत, त्यामुळे ते आणखी वाळले.

तेवढ्यात ही दौड आली. औरंगाबादकडच्या एका घोडेस्वारी शाळेनं सांगितलं होतं, की इथल्या एखाद्या घोडीनं दौड धडधाकट पुरी केली, तर घोडी आणि मालक दोघांना शाळेत कामावर घेऊ. नाही तर बिजली बाजारात जाणार हे ठरलेलं होतं.

"मास्तर," रशीदभाई मला आदल्या दिवशी म्हणाले होते, "चालायचं तिले कोनं शिकवा लागत नाही. तिनं जिंदगीभर तेच केलं. फक्त तो शेवटचा तुमचा थांबा पार झाला न, की समजा झालं. तुमी हाय तिथं, म्हणून मले फिकर नाही."

मला फिकर नाही! हे वाक्य त्यांनी पुढे आयुष्यात माझ्या बाबतीत पुन्हा उच्चारलेलं नाही.

आता आपल्या गावची घोडी आपल्या थांब्यावर येणार, आणि आपण वहीत नुसती वेळ लिहायची? माझ्यातला सूत्रसंचालक तळमळला. मी गावच्या बँडवाल्यांकडे गेलो. त्यांचीही बिजलीसारखीच गत. बँडमास्तर म्हणाला, "सर, पैसे राहू द्या. वाजवाले भेटून राह्यलं, हेच लय झालं. फक्त पोहे ठेवजा." मी त्यांना सकाळीच पऱ्हाट्यांच्या ढिगाआड बसवलं. इशारा ठरला: मी रुमाल हलवला की सुरू. घरात कुणाला सांगितलं नाही. मॅडमना तर नाहीच. आनंदाचा धक्का द्यायचा होता.

सकाळी पहिला घोडा आला आणि खरं सांगतो, आम्ही झकास काम केलं. म्हणजे मंदानं केलं. शाळेचं घड्याळ समोर ठेवून ती सेकंदाचा हिशेब ठेवत होती. पाण्याच्या बादल्या सावलीत, पुसायला फडकी तयार, कोणी मोठ्यानं बोललं की तिचा डोळा. मॅडम म्हणाल्या, "ताई, तुम्ही याआधी कुठे केलंय हे काम?" मंदा म्हणाली, "नाही, पन घरात तीन म्हशी हायेत, अन् हे."

बंधाऱ्यावर सासऱ्यांनी थोडी गडबड केली. झेंडा दाखवून घोडा वळवायचा होता, ते झेंडा आडवा धरून घोडा थांबवायचे आणि स्वाराला विचारायचे, "कोनाकडचे पाहुणे?" पुण्याचा एक तरुण घोड्यावरून उतरून, त्यांच्या पाया पडून, पणजोबांपर्यंत सगळी माहिती देऊन मग आला. "तुमचे वळणावरचे आजोबा फार गोड आहेत," तो म्हणाला. (सासरे गोड! मी त्याला बसायला खुर्ची दिली. मला वाटलं ऊन लागलं असावं.) तरी सहा घोडे आले, सहाही पास होऊन गेले. ढिगाआड बँडवाल्यांचे पोहे दोनदा खाऊन झाले होते.

आणि मग धुळीतून पांढरं काहीतरी दिसलं. बिजली! डुलत डुलत, एका लयीत, जणू दहा कोसांवरच्या लग्नाला निघाली आहे. वर रशीदभाई, डोक्याला ओला पंचा.

मंदानं वेळ लिहिली. रशीदभाई उतरले. मॅडमनी छातीला नळी लावली आणि त्यांचे डोळे मोठे झाले.

"अडुसष्ट! आत्ताच आलीये आणि अडुसष्ट! रशीदभाई, ही तर आजची सगळ्यात तंदुरुस्त घोडी आहे. पाच मिनिटं सावलीत उभी राहिली की झालं!"

रशीदभाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं. आणि डोळे पुसायला मी खिशातून रुमाल काढला.

नाही, नाही, 'चुकून' असं मी म्हणणार नाही. डोळे पुसले आणि मग तोच रुमाल उंच धरून मी चांगला तीनदा हलवला!

ढिगामागून एकदम दणका उठला. ढोल, ताशा, तीन पिपाण्या आणि एक झांज, वर्षभराची उपासमार एकदम बाहेर पडावी तशी. मॅडमच्या कानात नळी होती. त्या जागेवरून फूटभर उडाल्या. सासरे बंधाऱ्यावरून झेंडा घेऊन पळत आले, त्यांना वाटलं मारामारी झाली. आणि बिजली?

बिजलीनं कान टवकारले, मान कमानीसारखी वळवली, आणि नाचायला लागली.

असं नाचली, असं नाचली! पुढचे पाय आलटून पालटून, मागचे पाय जागेवर, शेपटी झेंड्यासारखी. चाळीस-पन्नास किलोमीटर चालून आलेली घोडी, पण कर्तव्य म्हणजे कर्तव्य. क्षणभर मी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

"या अल्ला!" रशीदभाई ओरडले. "मास्तर! ये क्या किया आपने? बंद करा! बंद करा बे ते!"

बँड थांबला. मॅडमनी पुन्हा नळी लावली. "ब्याण्णव."

माझ्या हातातल्या टाळ्या हातातच राहिल्या.

"थांबला न बँड आता," मी म्हणालो. "उतरतील ठोके."

पण उतरेनात. बिजली पाय आपटत, कान ढिगाकडे लावून उभी. पाणी ओतलं, सावली केली, मंदानं ओल्या फडक्यानं पाय पुसले. सात मिनिटं गेली; नव्वद. दहा गेली; अठ्ठ्याऐंशी.

"काऊन उतरून नाही राह्यले?" मंदानं विचारलं.

रशीदभाई खाली बसले होते. आवाज अगदी बारीक. "वहिनी, बँड दोन गान्यांच्या मधात थांबतेच न. तिले माहीत हाये. ते वाट पाहून राह्यली. तिच्या हिशेबी लग्न अजून लागाचं हाये."

कोणी हसलं नाही. मीसुद्धा नाही. हा माणूस पहाटेपासून त्या घोडीबरोबर झिजत आला होता, आणि मी त्याची नोकरी, त्याची घोडी, सगळं एका रुमालानं उडवून लावलं होतं. मला पहिल्यांदाच बोलायला काही सुचेना. (मंदा म्हणते, तिथेच तिला परिस्थितीचं गांभीर्य कळलं.)

"मंग लग्नात ते शांत कवा होते?" तिनंच विचारलं.

"नवरदेव उतरला की. सासरा त्याचा हात धरून मांडवात नेते, इकडे घोडीपुढे कोनीतरी भिजेल हरभरे ठेवते. मंग तिले समजते का आपलं काम झालं. मान खाली टाकून उभ्या उभ्या झोपते. तोफ वाजवली तरी उठत नाही."

"हरभरे हायेत?"

"थैलीत हायेत."

"सासरा हाये," मंदा म्हणाली आणि स्वतःच्या वडिलांकडे पाहिलं. "मांडव म्हणून हा तंबू." मग ती माझ्याकडे वळली. "अन् नवरदेव बी हाये."

"मी?" मी ओरडलो. "बावन्न वर्षांचा आहे मी! रशीदभाईच होतील की!"

"मले ते लगाम धरणारा म्हणून ओळखते," रशीदभाई म्हणाले. "मी उतरलो तं तिले वाटते चहा प्याले उतरलो."

मी आशेनं मॅडमकडे पाहिलं. विज्ञानाची बाई, ती तरी थांबवेल! मॅडम घड्याळाकडे पाहत म्हणाल्या, "औषध सोडून काहीही चालेल. फक्त हिच्या पाठीवर दुसरं कोणी बसायचं नाही. सात मिनिटं राहिलीत."

पुढचं सगळं इतक्या झपाट्यानं झालं, की मला विरोध करायला जागाच मिळाली नाही. बँडमास्तरनं आपल्या डोक्याचा गुलाबी फेटा काढून माझ्या डोक्यावर दाबला. त्यात आधीचा घाम होता आणि थोडे पोहे होते. रस्ता दाखवायला झाडांना बांधायच्या लाल-पांढऱ्या फिती उरल्या होत्या, त्यांच्या मंदानं मुंडावळ्या केल्या आणि माझ्या कपाळावर करकचून बांधल्या. (खऱ्या लग्नातसुद्धा इतक्या घट्ट नव्हत्या.) पाठीवर बसायची मनाई, म्हणून बिजलीला लागून प्लास्टिकची खुर्ची ठेवली. मी खुर्चीवर चढायचं आणि तिच्या अंगाला घासून असं उतरायचं, की तिला वाटावं नवरदेव उतरला.

"शेवटचं अर्धं मिन्ट वाजवा," रशीदभाई बँडला म्हणाले. "वरात दारात लागते तवाचं. अन् मी हात केला की गपकन बंद."

बँड वाजला. बिजली दोन पावलं नाचली. मी खुर्चीवर उभा, मुंडावळ्या तोंडावर, एक हात घोडीच्या पाठीवर. रशीदभाईंनी हात केला, बँड गप्प. मी उतरायला पाय टाकला, आणि त्याच क्षणी खुर्चीचा एक पाय मुरमात रुतून मोडला. मी बिजलीच्या पोटावरून घसरत घसरत थेट जमिनीवर बसलो.

"असाच उतरते बहुतेक नवरदेव," रशीदभाई पुटपुटले. "ओळखलं तिनं."

आता सासरे. ते झेंडा धरून जागेवर खांबासारखे उभे.

"बाबा, हात धरा न यांचा!" मंदा दबक्या आवाजात म्हणाली.

"एकदा धरला होता," सासरे म्हणाले. "त्याचं काय झालं ते तू पाहूनच राह्यली."

"बाबा, रशीदभाईसाठी!"

सासऱ्यांनी एक लांब सुस्कारा सोडला, झेंडा मंदाकडे दिला, मला मातीतून उठवलं, आणि हात धरून तंबूकडे चालवू लागले. मी मान खाली घालून, लाजत. (लाजण्याचा अभिनय करावा लागला नाही.) मागे रशीदभाईंनी बिजलीपुढे हरभऱ्याची पाटी ठेवली.

तंबूत पोचून मी मागे वळून पाहिलं. बिजलीनं हरभरे हुंगले. चार दाणे खाल्ले. मला एकवार पाहिलं, फेट्यापासून चपलांपर्यंत. मग नाकातून लांब फुर्रर्र केलं, एक मागचा पाय सैल सोडला आणि मान खाली टाकली.

मॅडमनी नळी लावली. पूर्ण एक मिनिट. वावरात कोणी हलेना. सासरे माझा हात सोडायला विसरले होते. रशीदभाईंचे ओठ हलत होते, आवाज नव्हता.

"साठ," मॅडम म्हणाल्या.

मंदानं वहीत वेळ लिहिली. एकोणिसावं मिनिट.

रशीदभाईंनी मंदाला दोन्ही हात जोडले, सासऱ्यांना जोडले, मॅडमना जोडले. माझ्यापुढे आले, हात जोडायला उचलले, माझ्या मुंडावळ्यांकडे पाहिलं आणि हसत हसत परत जाऊन बिजलीच्या मानेवर कोसळले. मग ठरलेल्या वेळी तिला हलकेच जागं करून निघाले. बिजली डोणगावला सगळ्यांत शेवटी पोचली, पण वेळेत पोचली आणि धडधाकट पोचली. आज ते दोघं त्या घोडेस्वारी शाळेत आहेत. शहरातली पोरं तिच्यावर बसायला शिकतात, आणि गणपतीत बँड वाजला की सगळी एकदम खाली उतरायला शिकतात.

त्या दिवशी वावर रिकामं झालं, तेव्हा मॅडम माझ्याजवळ आल्या. मला वाटलं, आता बोलणी बसणार. पण त्या नवलानं मान हलवत म्हणाल्या, "सर, इतक्या वर्षांत मी असं पाहिलं नव्हतं. हरभऱ्यांचं मी समजू शकते, पण घोडीनं तुम्हाला नवरदेवाच्या वेषात पाहिलं आणि दोन मिनिटांत ठोके एकदम खाली! असं का होत असेल?"

मी मुंडावळ्या सावरत काहीतरी शास्त्रीय सांगणार, एवढ्यात वही मिटत मंदा म्हणाली,

"त्यात नवल काय, मॅडम? आमच्या लग्नात अंतरपाट खाली आला अन् मी यायले पहिल्यांदा पाह्यलं, तवा माहे बी असेच झाले होते!"